दूरदर्शन हवंच कशाला?

मंडळी, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक वाद रंगलाय आणि त्यातलं माझं म्हणणं काही तीन ओळींत मावत नाही. शिवाय मोबाइलवर टंकून टंकून अंगठा दुखायला लागला. तेव्हा इथेच सविस्तर लिहिते. वाद सुरू करणाऱ्या भाचे-पुतण्यांनी पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही बाईंची सूचना. बाकीच्यांनी पंच म्हणून बसावं.

वादाचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे 'पीबीएस' नावाची सार्वजनिक दूरचित्रवाणी आहे. थोडा सरकारी पैसा, बराचसा प्रेक्षकांच्या वर्गणीचा आणि देणग्यांचा, असं तिचं चालत आलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठी आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. हे पैसे वाटणारं महामंडळ १९६७ च्या कायद्याने जन्माला आलेलं. त्याने ऑगस्टमध्ये आपलं काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला फार वाईट वाटलं. तिची मुलं 'सेसमी स्ट्रीट' बघत लहानाची मोठी झाली, आणि दर वर्षी एक जानेवारीला ती त्याच चॅनेलवर व्हिएन्नाची नववर्षाची मैफल बघते. तिने ग्रुपवर हळहळ व्यक्त केली. त्यावर पुण्याच्या पुतण्याचं उत्तर आलं, "आपलं दूरदर्शन बंद केलं तर कुणाला कळेल तरी का? आणि हवंच कशाला? यूट्यूबवर सगळं असतं." त्याला सात जणांनी अंगठे दिले. त्यांतल्या दोघांना मी स्वतः बाराखडी शिकवली आहे. असो.

माझं म्हणणं असं की कळेल. आज नाही, वीस-पंचवीस वर्षांनी कळेल, आणि तेव्हा काही करता येणार नाही. ज्या गोष्टीला गिऱ्हाईक नाही तिचं चित्रण करून ठेवायचं, आणि ठेवलेलं लोकांना पुन्हा दाखवायचं, हे काम पदराला खार लावून दुसरं कुणी करत नाही. यातलं पहिलं काम दूरदर्शनने बऱ्यापैकी केलं. दुसरं फारच वाईट केलं. म्हणून तर त्याच्या मागे लागायला हवं, बंद करायला नव्हे.

आता कुणी म्हणेल, मावशी पंचाहत्तरीच्या, त्यांना जुनं आठवून गहिवरून येणारच. गंमत अशी की ज्या काळाचे सगळे गोडवे गातात तो आम्ही कोल्हापूरकरांनी धड पाहिलेलाच नाही! मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी ते पुण्याला दिसू लागलं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचले, तेव्हा आमच्या घरात होता तो रेडिओ, आणि त्यावर १९६३ पासून सांगली आकाशवाणी. आमचे चिमणराव चिं. वि. जोशींच्या पुस्तकातले. सुट्टीत पुण्याला आत्तेकडे गेलं की शेजारच्या बिऱ्हाडात वीस-पंचवीस माणसांच्या मागे उभं राहून 'गजरा' बघायचा. पडद्यापेक्षा पुढच्याचं डोकंच जास्त दिसायचं.

आमच्या घरात टीव्ही आला ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली, त्या लाटेत. आणि तेव्हाचं सगळं सोनं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. फिती कापणारे मंत्री, धरणाच्या भिंतीवरून सावकाश फिरणारा कॅमेरा, ऐन रंगात आलेल्या नाटकात 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी. कुणी मोठा पुढारी गेला की दिवसचे दिवस सारंगी. आमच्या सासूबाई तर त्या सारंगीला इतक्या कंटाळल्या होत्या की म्हणायच्या, "मेलेल्याला सुटका तरी झाली." बातम्या म्हणजे सरकारने काय केलं याचा पाढा. हे सगळं मान्य.

पण त्यातच 'प्रतिभा आणि प्रतिमा' होतं. दोन खुर्च्या, मध्ये एक कुंडी, आणि एक लेखक किंवा चित्रकार किंवा गवई अर्धा तास बोलतोय. बोलता बोलता थांबतोय. आठवतोय. समोरचा माणूस त्याला आठवू देतोय! आज मुलाखत घेणारा पाहुण्याच्या तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत पुढचा प्रश्न टाकतो, नाहीतर "एक छोटासा ब्रेक" घेतो. माणूस विचार करताना कसा दिसतो, हे माझ्या वर्गातल्या मुलींनी त्या कार्यक्रमात पाहिलं. अरुण काकतकरांचं 'शब्दांच्या पलिकडले' होतं, त्यात कविता गाण्यातून समोर यायची. आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' होता, त्याची तर गावोगाव मंडळं निघाली. 'आमची माती आमची माणसं' बघायला आमच्या गल्लीतले शेतीवाले काका खास वहाणा काढून घरात येऊन बसायचे. हिंदीत श्याम बेनेगलांचं 'भारत एक खोज' आलं, १९८८ साली, ५३ भाग. मी इतिहास शिकवत होते. त्यातले महात्मा फुले सदाशिव अमरापूरकरांनी केले होते. ते पाहून आलेल्या आठवीच्या वर्गाला फुले शिकवायला मला दोन तास कमी लागले आणि मुलींचे प्रश्न चार जास्त आले. मला तरी एवढं पुरे होतं.

या कार्यक्रमांना किती लोक बघतात हे कुणी विचारत नव्हतं, कारण मोजायची गरजच नव्हती. चॅनेल एकच. घरात दुसरं काही लागत नाही म्हणून ज्याला शास्त्रीय गाण्यात गम्य नाही तोही अर्धा तास भीमसेनांसमोर बसायचा. दहा जणांतल्या एकाला त्याची गोडी लागायची. तो एक जण पुढे देवल क्लबच्या सतरंजीवर येऊन बसायचा. (देवल क्लब म्हणजे १८८३ पासूनची आमची गाण्याची संस्था. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं, कोल्हापूरकरांनी रागावू नये.) यूट्यूबवर सगळं असतं हे खरं, पण तिथे माणसाला जे आवडतं तेच त्याच्यापुढे येतं. न आवडणारं, पण कदाचित आवडू शकेल असं, त्याच्या ताटात कोण वाढणार? आम्ही शिक्षक लोक जन्मभर हेच करत आलो. मुलींना काय हवंय असं विचारून अभ्यासक्रम ठरवला असता तर तुमच्यापैकी निम्म्या जणींना मोरोपंत हे नाव कळलं नसतं. ("बरं झालं असतं" असं म्हणणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत.)

शाळेचा विषय निघालाच आहे तर 'बालचित्रवाणी'चं सांगते. १९८४ साली पुण्यात ही सरकारी संस्था सुरू झाली, खास शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करायला. तिने हजारो कार्यक्रम केले आणि ते दूरदर्शनवरून दाखवले जात. आमच्या शाळेत माजी विद्यार्थिनींच्या वर्गणीतून टीव्ही आला होता. तो कपाटात कुलूपबंद असे आणि किल्ली माझ्याकडे. भूगोलाच्या बाईंना ज्वालामुखी फळ्यावर काढून दाखवायला लागायचा, तो एके दिवशी मुलींनी हलताना पाहिला. दोन वर्ग एकत्र बसवलेले, खिडक्यांना चादरी, आणि तरी चिडीचूप शांतता. नंतर केंद्राचा निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ साली संस्था बंद करण्यात आली. तेव्हाही कुणी म्हणालं असेलच, की आता इंटरनेट आहे, हवंच कशाला! तीन वर्षांनी करोना आला, शाळांना कुलपं लागली, आणि ज्यांच्या घरी मोबाइल नाही त्या पोरांना शिकवायचं कसं यावर सगळे डोकं धरून बसले. मराठीतून मुलांसाठी कार्यक्रम करायला शिकलेली माणसं तोवर पांगली होती.

आता सणांचे खास कार्यक्रम. भाचीची व्हिएन्नाची मैफल हा त्यातलाच प्रकार. आमच्या पिढीचा सण रेडिओपासून सुरू व्हायचा. नरकचतुर्दशीला पहाटे आकाशवाणीवर कीर्तन, आणि नरकासुराचा वध व्हायच्या आत आंघोळ उरकली पाहिजे ही घाई. पुढे टीव्हीवर दिवाळीला गाणी, प्रहसनं, एखादं नाटक, आणि ३१ डिसेंबरला रात्री बारापर्यंत जागून बघायचा दिल्लीचा कार्यक्रम. त्यातलं निम्मं सुमार असायचं. पण ते सणासाठी केलेलं असायचं. आज दिवाळीच्या आठवड्यात कुठलंही मराठी चॅनेल लावा, एका मालिकेतलं कुटुंब दुसऱ्या मालिकेतल्या कुटुंबाकडे फराळाला जातं, त्याला 'महासंगम' म्हणायचं, आणि फराळाच्या ताटाशेजारी तेलाचा डबा नाव दिसेल असा ठेवलेला. सुनेच्या करंजीत कुणीतरी काहीतरी मिसळतं. सण मेला, कारस्थान उरलं.

उलट 'सह्याद्री'वर आषाढीच्या रात्री पंढरपूरची शासकीय महापूजा थेट दाखवतात, तेव्हा मी आजही गजर लावून उठते. त्यात मुख्यमंत्री नको इतके दिसतात हे खरं. पण अभिषेकाचं पाणी पडताना मागे बोलणारा माणूस गप्प बसतो, ही केवढी मोठी गोष्ट! मला हवंय ते याच्या पुढचं. पंढरपूर तर सगळेच दाखवतात. आमच्या कोल्हापुरातून आषाढीला नंदवाळला दिंडी जाते, वाटेत पुईखडीला रिंगण होतं. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. खासगी चॅनेलवर या दोन्हींची चित्रं येतात, ड्रोनने वरून काढलेली, गुलालाचा ढग आणि खाली ढणढण वाजणारं संगीत, पाऊण मिनिट. खरी गोष्ट खाली असते. एवढी उंच काठी तोलून नाचवायची म्हणजे काठीखाली कोण असतो, दोरांवर कोण असतं, गावात हा मान कुणाकडे आणि का, तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावाची काठी आता कोण उचलतं. हे सांगायला एक तासाची फिल्म लागते आणि आधी चार महिने त्या गावात जाऊन बसावं लागतं. असली फिल्म कोण काढणार? तेलाच्या डब्याला तिच्यात जागा नाही.

माहितीपट हा शब्द ऐकला की आमच्या घरातली मंडळी उठून चहा टाकायला जातात, हे मला ठाऊक आहे. थांबा. चपलेचं उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये आमच्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि मूळ कुठलं त्याचा उल्लेख केला नाही. काय गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. आठवडाभर सगळ्या चॅनेलांचे कॅमेरे आमच्या चप्पल लाइनीत. प्रत्येकाने तेच केलं, कारागिराच्या हातात चप्पल दिली, "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारलं, आणि स्टुडिओत बसलेल्या चार जणांची भांडणं लावली. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कसं कमावतात, त्याला किती दिवस लागतात, कान, अंगठा आणि वेणी कोण करतं, त्यातलं बायकांच्या वाट्याला कुठलं काम येतं, त्याचे तिला किती मिळतात, कातडं आता कुठून येतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे सीमेच्या नावाने दोन्हीकडून गळा काढणाऱ्यांची चप्पल एकच! हा केवढा सुंदर विषय आहे. पण प्राडाने हात लावेपर्यंत ती बातमी नव्हती, आणि प्राडाचं नाव मागे पडल्यावर पुन्हा नाही. बातमी घडल्यावर येते. माहितीपटाला घडायच्या आधी येऊन बसावं लागतं, आणि घडून गेल्यावरही थांबावं लागतं.

किरणोत्सवाचंही तसंच. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या पायांपर्यंत, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोचतात. पोचली की चॅनेलवर "चमत्कार", नाही पोचली की "ढगांचा अडथळा". पण किरणांच्या वाटेत आलेली बांधकामं, त्यांची मोजमापं, ती बांधली कुणाच्या परवानगीने, आणि ज्या स्थपतीने हे देऊळ बांधलं त्याने दिशा साधली कशी? भूगोल, इतिहास, गणित आणि नगरपालिका असे चार विषय एका फिल्ममध्ये शिकवून होतील.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसले ते सांगते. आमचे हे पेटी वाजवायचे. नोकरी बँकेत, पण संध्याकाळी साथीला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात साथ करायला ह्यांना एका दूरचित्रवाणी केंद्रावर बोलावलं होतं. एसटीने गेले, पेटी मांडीवर घेऊन. तिथे चेहऱ्याला रंग लावला म्हणून संकोचले. "पेटीवाल्याला कोण बघतंय?" असं म्हणाले म्हणे. कार्यक्रम दाखवला त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं होती. आणि एका नाट्यपदात गायक श्वास घ्यायला थांबले, तेव्हा कॅमेरा ह्यांच्या बोटांवर आला आणि तिथेच राहिला. पूर्ण आवर्तनभर. बोटांवर शाईचा डाग होता, तोही दिसला. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. एकदा पाहिलं ते पाहिलं.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. नात पेटी शिकायला लागली तेव्हा मी त्या केंद्राला पत्र लिहिलं. कार्यक्रमाचं नाव, साल, गायकाचं नाव, सगळं दिलं. पैसे भरायची तयारी आहे असंही लिहिलं. तीन पत्रांनंतर एका ओळीचं उत्तर आलं, सदर ध्वनिचित्रफीत उपलब्ध नाही. पुसली गेली, हरवली, कुजली, की शोधायला कुणाला वेळ नाही, काही कळायला मार्ग नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. टेप महाग असे. त्यामुळे दाखवून झालेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घ्यायचा, ही रीत जगात बऱ्याच ठिकाणी होती. खुद्द बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपले किती कार्यक्रम पुसले याला गणती नाही, आणि 'डॉक्टर हू' या त्यांच्या लाडक्या मालिकेचे हरवलेले भाग शोधत लोक अजून जग पालथं घालतायत. फरक इतकाच, की काय हरवलं हे त्यांना माहीत आहे. कुठला भाग, कुठल्या तारखेचा, याची यादी आहे. म्हणून तर कुणाच्या माळ्यावर डबा सापडला की ओळखता येतो. मी शाळेच्या ग्रंथालयाचं काम अकरा वर्षं पाहिलं. पुस्तक हरवलं तर रजिस्टरात लाल शाईने 'गहाळ' असं लिहायचं, पण ओळ खोडायची नाही, हा नियम. दूरदर्शनकडून माझी पहिली मागणी हीच आहे. १९७२ पासून मुंबई केंद्राने काय काय केलं याची पूर्ण यादी लोकांपुढे ठेवा. नावं, तारखा, आणि त्यात कोण होतं. मागे बसलेल्या पेटी-तबलेवाल्यांसकट. काय शिल्लक आहे, काय नाही, तेही लिहा, लाल शाईने का होईना.

थोडं काम झालंय, ते नाकारत नाही. प्रसार भारतीने जुनं बरंच यूट्यूबवर टाकलंय, 'सह्याद्री'च्या चॅनेलवरही अधूनमधून जुना खजिना निघतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या महोत्सवात त्यांनी 'वेव्हज' नावाचं आपलं ओटीटीही सुरू केलं. म्हणजे पुतण्या ज्याला "यूट्यूबवर सगळं असतं" म्हणतो, त्यातलं गाण्याचं आणि साहित्याचं पुष्कळसं दूरदर्शननेच कधीतरी केलेलं आहे! विहिरीचं पाणी प्यायचं आणि विहीर बुजवा म्हणायचं, याला काय म्हणावं? पण तिथे पूर्ण यादी मला मिळाली नाही. मनात येईल ते वर येतं. यादी नसलेला संग्रह म्हणजे गोदाम.

गोदामांचं काय होतं ते आम्हा कोल्हापूरकरांना सांगायला नको. मराठी सिनेमा इथे वाढला. बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आणला, त्याची प्रत आज नाही. १९२९ साली प्रभात कंपनी इथेच सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते, मीही त्यांत होते. चॅनेलांनी ज्वाळा दाखवल्या. नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलं, नकाशे आणि फोटो आहेत, होईल. पण मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा जायचा, विंगेत उभं राहिलं की काय दिसायचं, पडदा ओढणारा मामा कुठे बसायचा, याची एक नीट तासाभराची फिल्म, जळायच्या आधीची, मला नातीला दाखवायची आहे. कुठे बघू?

"पण दूरदर्शन म्हणजे सरकारचा भोंगा," हा पुतण्याचा दुसरा मुद्दा. खरा आहे. स्वायत्ततेचा कायदा १९९० साली झाला, अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि नंतरही कुठल्याच पक्षाच्या सरकारला तो भोंगा हातातून सोडवला नाही. बातम्यांच्या बाबतीत माझी फारशी आशा नाही. पण बातम्यांचा राग पेटीवर आणि सासनकाठीवर काढायचं कारण नाही. पूर्वी टीव्हीचा परवाना असायचा, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, ऐंशीच्या दशकात तो रद्द झाला. तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. आता वाटतं, वर्षाला थोडे पैसे भरत असतो तर निदान ओरडायला हक्क राहिला असता. तसा अजूनही आहेच, कर भरतोच की. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसार भारतीच्या यंत्रसामग्रीसाठी २५३९ कोटींची योजना मंजूर केली. त्यातल्या चिमूटभर पैशात जिल्ह्याला एक कॅमेरा, दोन माणसं आणि एक जीप येईल. वर्षाला जिल्ह्याची चार फिल्म. जाहिरात नको, मंत्री नको. करू शकतील अशी पोरं इथे आहेत.

आणि बघणार कोण, तर तेही सांगते. दूरदर्शनची फुकटची छत्री, २००४ मध्ये सुरू झालेली, आज देशात चार कोटींहून अधिक घरांवर आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला बांधकाम चाललंय, तिथल्या वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीवरही ती आहे. ग्रुपवरच्या सात अंगठ्यांपैकी कुणाच्या घरावर ती नाही, म्हणून ती नाहीच असं होत नाही.

तर आता काम सांगते. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, सासरच्या कपाटात जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील. टीव्हीवरून कुणी काही भरून ठेवलं असेल, अर्धवट का असेना, जाहिरातींसकट का असेना, तर भंगारात घालू नका. वर काय लिहिलंय ते मला कळवा, मी वहीत नोंदवते. वही सुरू केली आहे. समोरच्या वहिनींकडे अकरा कॅसेट निघाल्या. त्यांतल्या नऊ लग्नाच्या, एक 'रामायण', आणि एकीवर त्यांच्या सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'टीव्ही, नाट्यगीतं, पुसू नये'. फितीला बुरशी आहे. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे चालू व्हीसीआर आहे. साफ करून बघतो म्हणाला, गुरुवारी बोलावलंय.